पाने उताणी झाल्यावर



या मांडवात मी आजवर बसलो तो श्रोता म्हणून. मागच्या बाजूला, खांबाला टेकून. म्हणजे भाषण रंगले नाही तर गुपचूप उठता येते. आज चालकांनी मला इकडे उभे केले आहे आणि त्या खांबाजवळ कोण बसले आहे ते मला इथून स्वच्छ दिसते आहे. तेव्हा सांभाळून बोलेन.

चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी 'पोकरच्या टेबलावरचे तंटे' असे लिहून पाठवले. दुसऱ्याच दिवशी त्यांचा दूरध्वनी आला. "अहो, तुम्ही कामगार चळवळीतले. आम्ही समजत होतो, कंत्राटी कामगारांवर काही बोलाल." मी म्हटले, "कामगारावरच बोलणार आहे. तो पत्ते वाटण्याचे काम करतो, एवढेच." यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बरे, पण जुगाराचा प्रचार नको." तो मी करणार नाही. जुगाराने बसलेली घरे मी तुमच्याइतकीच पाहिली आहेत, किंबहुना थोडी अधिक. कारण अशा घरांतल्या बायका युनियनच्या कचेरीत येऊन नवऱ्याचा पगार आपल्या हाती द्यावा म्हणून अर्ज करीत. पण एकमेकांना न ओळखणारी, एकमेकांवर तिळमात्र विश्वास नसलेली माणसे पैसा मध्ये ठेवून एका टेबलाशी बसतात आणि तरीही रोज रात्री खून पडत नाहीत, हे कसे जमते? ते ज्या नियमांनी जमते त्यांच्याविषयी मला कुतूहल आहे. आणि ते कुतूहल फार जुने आहे.

माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. अडीच लाख माणसे घरी बसली. पहिले दोन महिने चाळीत एक प्रकारचा उत्साह होता. नंतर उत्साह गेला आणि वेळ उरला. त्या वेळात गॅलरीत तीन पत्तीचा डाव पडू लागला. पैसे कुणाजवळ नव्हतेच, म्हणून आगपेटीच्या काड्यांवर. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही अशा पुण्यवान मंडळींसाठी सांगतो: शेवटी दोघेच उरले की एकाने जादा चाल देऊन 'शो' मागायचा, म्हणजे दोघांनी पाने उघडायची. एके दुपारी एका काकांनी आठ काड्या टाकून शो मागितला. समोरच्याने आपली पाने न उघडता, पालथीच ढिगात सारली आणि म्हणाला, "जा, तू जिंकलास, घे." काका काड्यांना हात लावीनात. म्हणाले, "मी आठ काड्या पाने बघायला दिल्या. आधी दाखव."

सगळी गॅलरी दुभंगली. निम्मे म्हणाले, डाव मिळाला ना, मग गप्प बस. निम्मे म्हणाले, पैसे दिले त्याचा माल मिळाला पाहिजे. त्या दोघांनी गणपतीपर्यंत एकमेकांशी अबोला धरला. आठ काड्यांसाठी! मोठ्यांना ते हास्यास्पद वाटले. मला मात्र वाटेना. कोण बरोबर, हे मला कळत नव्हते आणि विचारायला कुणी नव्हते.

पुढे नववीत शाळा सुटली, हॉटेलात कामाला लागलो, तिथून युनियनमध्ये आलो. वाचनालयात बसून जे काही शिकलो ते शिकलो. इंग्रजी तर शब्दकोश मांडीवर घेऊनच. आणि मग वयाची पन्नाशी उलटल्यावर काकांच्या त्या वाक्याची गाठ पुन्हा पडली ती पणजीत.

गोव्यात जुगाराला बंदी करणारा कायदा १९७६चा. त्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार आला आणि १९९६च्या दुरुस्तीने पाण्यावरच्या बोटींत पत्त्यांची टेबले आली. आपल्या महाराष्ट्रानेही १९७६मध्येच कॅसिनोंना परवाना देण्याचा कायदा केला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३मध्ये रद्द झाला. तेव्हा आपली मुले या कामासाठी मांडवीच्या काठी जातात. कोकणातली कितीतरी मुले-मुली तिथे वाटपाच्या कामावर आहेत. काळा जाकीट, बाह्या आखूड, खिसे शिवून टाकलेले. हातातून चिप जाता कामा नये म्हणून.

दोन-तीन वर्षांपूर्वी, पावसाच्या तोंडावर, अशा काही मुलांनी मला बोलावले. आमची हॉटेल कामगारांची युनियन. ती मुले सभासद नव्हती. एका खानावळीच्या माडीवर भेटलो. सावंतवाडीकडची एक मुलगी होती, तिला एका बोटीवर मेमो मिळाला होता. बोटीचे नाव मी सांगणार नाही आणि मुलीचेही नाही. 'कामात हलगर्जी' असे मेमोत होते आणि तीन दिवसांचा पगार कापला होता. मी नेहमीप्रमाणे विचारले, "काय झाले ते क्रमाने सांग." ती म्हणाली, "काका, आधी तुम्हांला खेळ कळला पाहिजे. नाहीतर मेमो कळणार नाही." आणि तिने पर्समधून पत्त्यांचा जोड काढून तिथेच, मत्स्यथाळीच्या शेजारी, पाने मांडली.

तिने मला जे शिकवले ते थोडक्यात असे. आज जगभर पोकरचा जो प्रकार चालतो त्यात प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. ती त्याची एकट्याची. मग टेबलावर पाच पाने उताणी येतात: आधी तीन, मग एक, मग एक. ती सर्वांची. प्रत्येक टप्प्याला पैसे लावण्याची फेरी. अखेर आपली दोन आणि टेबलावरची पाच अशा सात पानांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, त्याचा डाव. शेवटच्या फेरीनंतर दोघे किंवा अधिक खेळाडू उरले की पाने उघडण्याची वेळ येते. तिला शोडाऊन म्हणतात. तंटे बहुधा तिथे होतात.

खरे तर तिथे तंटा होण्याचे कारण काय? पाने उघडा, ज्याची भारी त्याला द्या. परंतु यात एक मेख आहे. जो हरला त्याला आपली पाने न दाखवता फेकून देण्याची मुभा असते, आणि ती त्याला फार मोलाची वाटते. दाखवली तर तो कोणत्या पानांवर किती पैसे लावतो हे साऱ्या टेबलाला कळणार. म्हणून दोघेही पाने छातीशी धरून बसतात. हा म्हणतो आधी तू, तो म्हणतो आधी तू. आपल्याकडे पंगतीत 'आधी तुम्ही' म्हणतात ते सभ्यतेने. इथे 'आधी तू' म्हणतात ते लबाडीने. म्हणून नियम असा: शेवटच्या फेरीत ज्याने अखेरचा पैसा लावला किंवा वाढवला, त्याने आधी उघडायचे. कुणीच लावला नसेल, तर त्या फेरीत ज्याची पाळी पहिली होती त्याने. ज्याने आव्हान दिले त्याने आधी पुरावा द्यावा, हे न्यायाचेच आहे. पण त्याबरोबर रीत अशी सांगते की आपली पाने भारी आहेत असे ज्याला दिसते त्याने पाळीची वाट न पाहता उघडून टाकावीत. नियम एक सांगतो, रीत त्याच्या पुढे जाते. चांगल्या खोलीत लोक रीतीने वागतात आणि नियमाची गरज क्वचित पडते.

या नियमांचा इतिहास मी नंतर खणून काढला. त्यासाठी मला चार महिने लागले. तुमची दहा मिनिटे घेतो.

अमेरिकेत हा खेळ एकोणिसाव्या शतकात मिसिसिपीवरच्या आगबोटींतून पसरला, आणि तिथे तो ठकांचा खेळ म्हणूनच ओळखला जाई. तंटा झाला तर तोडणारा कोणी नसे. मिझुरी राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी १८६५च्या जुलैमध्ये वाइल्ड बिल हिकॉक आणि डेव्हिस टट या दोघांत पत्त्यांच्या देण्यावरून वाद झाला. टट म्हणे पस्तीस डॉलर, हिकॉक म्हणे पंचवीस. टटने टेबलावरचे हिकॉकचे घड्याळ तारण म्हणून उचलले. २१ तारखेला भर चौकात दोघांनी पिस्तुले काढली आणि टट मेला. दहा डॉलरचा फरक! मी हे वाचले तेव्हा मला गॅलरीतल्या आठ काड्या आठवल्या. आमच्याकडे पिस्तुले नव्हती, हा गिरणगावावर देवाचा उपकारच म्हणायचा.

गंमत अशी की या खेळाचे नियम इंग्लंडात पहिल्यांदा छापले गेले ते एका वकिलाच्या हातचे. म्हणजे कोर्टातला वकील नव्हे, अमेरिकेचा राजदूत. रॉबर्ट शेंक त्याचे नाव. १८७०च्या दशकाच्या आरंभी एका सरदार घराण्यातल्या यजमानीणबाईंच्या आग्रहावरून त्याने नियम लिहून दिले आणि बाईंनी ते छापून घेतले. मायदेशी त्याची पुष्कळ थट्टा झाली. पुढे कॅलिफोर्नियात गार्डीना नावाच्या गावी १९३६पासून कायदेशीर पोकर क्लब उभे राहिले. तिथे पाने खेळाडूच आळीपाळीने वाटीत आणि क्लब अर्ध्या अर्ध्या तासाने बसण्याचे भाडे घेई. म्हणजे पाने वाचण्याची जबाबदारीही खेळाडूंचीच. पगारी डीलर हा खोल्याखोल्यांत नंतर सर्वत्र आला, आणि तो आल्याबरोबर टेबलावरच्या प्रत्येक चुकीला एक मालक मिळाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

प्रत्येक खोलीचे नियम मात्र वेगळे. एका गावात बरोबर ते दुसऱ्या गावात चूक. बॉब सियाफोन या जाणत्या खेळाडूने नियमांची एक संहिता तयार केली, तिचे नाव 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर'. सभाशास्त्र ज्यांनी वाचले असेल त्यांना हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याचा १८७६चा सभानियमांचा ग्रंथ लगेच आठवेल. मी युनियनच्या सभा त्याच्याच आधारे चालवायला शिकलो, तेव्हा ते नाव पाहून मला दूरच्या नात्यातले कोणी भेटल्यासारखे झाले. मग २००१ साली मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्हिड लॅम्ब यांनी स्पर्धा चालवणाऱ्यांची एक संघटना काढली, सर्वत्र एकच नियम असावेत म्हणून. ते वेळेवर झाले. कारण २००३च्या जागतिक स्पर्धेच्या मुख्य डावाला ८३९ माणसे होती, आणि एक हौशी हिशेबनीस ती जिंकल्यावर २००६मध्ये तोच आकडा ८,७७३ झाला. नवशिक्यांचा लोंढा आला. आणि शोडाऊनला लुबाडला जातो तो नवशिकाच.

कसा, ते आता त्या मुलीच्या टेबलावर पाहू.

टेबलावर पाच पाने उताणी होती: ५, ६, ८, राजा आणि अखेरीस ७. रंग मिसळलेले. दोघे खेळाडू उरले होते. एक मुरलेला, एक नवखा. मित्रांबरोबर सहलीला आलेला पोरगा. मुरलेल्याने शेवटच्या फेरीत पैसे लावले होते, म्हणून त्याने आधी उघडले: राजा आणि गुलाम. "राजांची जोडी," तो म्हणाला. नवख्याजवळ चारची दोन पाने होती. सुरुवातीपासून तो 'चारची जोडी' एवढेच मनात घेऊन बसला होता. राजा पाहताच त्याचा चेहरा पडला. त्याने आपली पाने उताणी केली, "चारची जोडी" असे म्हणत पुढे ढकलली आणि खुर्ची मागे सारली.

आता टेबलावर पुन्हा पाहा. ४, ५, ६, ७, ८. ओळीने पाच पाने! राजांच्या जोडीपेक्षा कितीतरी भारी. तो जिंकला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हते. मुलीची पाळी संपत आली होती, नवव्या तासाला डोळे जसे होतात तसे झाले होते. तिने 'चारची जोडी' हे शब्द ऐकले आणि हाताने सवयीने पाने ओढून ढिगात टाकली. पैसे मुरलेल्याकडे सरकवायला तिने हात लावला, इतक्यात तिसरा एक गृहस्थ, जो त्या डावात नव्हताच, म्हणाला, "थांबा. त्याची ओळ झाली होती."

गलका झाला. मुरलेला म्हणाला, पाने ढिगात गेली, मेली. शिवाय त्याने स्वतःच्या तोंडाने जोडी म्हटले. आणि तुम्हांला कोणी विचारले होते?

या तिन्ही प्रश्नांना त्या नियमपुस्तकात उत्तर आहे.

पहिला नियम इंग्रजीत दोन शब्दांचा आहे. मराठीत मी 'पाने बोलतात' असा करतो. पाने एकदा उताणी टेबलावर आली की कोणी तोंडाने काय म्हटले याला किंमत नाही. स्वतःचे कमी सांगितले तरी नुकसान होत नाही, जास्त सांगितले तरी लाभ होत नाही. समोरच्याने घाबरून पाने फेकावीत म्हणून कोणी मुद्दाम खोटे भारी पान सांगितले, तर ते अनीतीचे आहे आणि त्यापायी डाव काढून घेतला जाऊ शकतो. मात्र पाने दोन्ही उताणी पाहिजेत. एक दाखवून दुसरे झाकून चालत नाही. या नियमाचे मोल नवख्याला आहे. ज्याला आपल्या हातात काय आहे ते नीट सांगता येत नाही, अडखळते, इंग्रजी येत नाही, त्याच्यासाठी पाने बोलतात. हजेरीपुस्तक दाखवा म्हणून मी आयुष्यभर मालकांच्या दारात भांडलो ते याचसाठी. मुकादमाने काय सांगितले आणि मजुराने कशावर अंगठा उठवला ते बाजूला ठेवा, पुस्तक उघडा.

दुसरी गोष्ट, ढिगाची. पालथी फेकलेली पाने ढिगात मिसळली की मेली, हा सर्वमान्य नियम. कारण मग कोणती कोणाची हे सांगता येत नाही. म्हणून मुरलेली माणसे नवख्याला एकच सल्ला देतात: निकाल लागेपर्यंत पाने हातची सोडू नकोस, आणि शंका असेल तर उताणी टाक. त्या पोराने पाने निराशेने पालथी टाकली असती, तर जगातला कोणताही नियम त्याला वाचवू शकला नसता. ती उताणी टाकली हे त्याचे नशीब. सर्वांसमोर नीट उघडून दाखवलेली आणि उघड उघड जिंकणारी पाने डीलरच्या हातून ढिगात गेली तरी मरत नाहीत, असा नियम आहे. डीलरच्या चुकीचे नुकसान खेळाडूला नाही. हेही मला आवडले.

आणि तिसरी गोष्ट, त्या तिसऱ्या गृहस्थाची. यात थोडा थांबतो, कारण पुष्कळ खेळाडूंचेही यावर एकमत नसते. पाने हातात आहेत तोवर नियम असा की एका डावाला एकच डोके. शेजाऱ्याने तुमची पाने पाहिली आणि तुम्ही जिंकणारी पाने फेकू लागलात, तरी त्याने 'अरे थांब' म्हणायचे नाही. गप्प बसायचे, जीव तुटला तरी. पण पाने उताणी झाली की हाच माणूस उलट बांधला जातो! आता चूक दिसत असून गप्प बसणे हा दोष. सियाफोनच्या संहितेत लिहिले आहे की चुकीच्या माणसाला पैसे जाताना दिसले तर खेळाडू असो, डीलर असो, देखरेख करणारा असो, ते दाखवून देणे त्याचे नैतिक कर्तव्य आहे. स्पर्धांच्या नियमांतही तेच: डावात असो वा नसो, बोलावे. पाने पालटण्याच्या त्या एका क्षणाआधी बोललात तर गुन्हेगार, नंतर गप्प बसलात तर गुन्हेगार. मला हे प्रथम चमत्कारिक वाटले. मग लक्षात आले, पाने झाकलेली असताना तो दोघांमधला खेळ असतो. उघडल्यावर तो राहत नाही. मग तो सगळ्या टेबलाचा हिशेब होतो.

देखरेख करणारा आला, डोक्यावरच्या कॅमेऱ्याचे चित्र पाहिले आणि पैसे पोराला मिळाले. इथवर सगळे नियमाप्रमाणे.

या देखरेख करणाऱ्याला पोकरच्या खोलीत फ्लोअर म्हणतात. वाद झाला की 'फ्लोअर' अशी हाक जाते. त्याने डाव पाहिलेला नसतो. तो आधी डीलरला विचारतो, मग वादातल्या दोघांना. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचे नाही. निकाल तिथल्या तिथे, दोन मिनिटांत, आणि बहुधा अपील नाही. मी अनेक कारखान्यांतल्या खात्याअंतर्गत चौकश्या लढवल्या आहेत; दोन दोन वर्षे चालतात आणि शेवटी कोणाचा विश्वास बसत नाही. मग इथे लोक दोन मिनिटांचा निकाल कसा मानतात? याचे कारण मला असे दिसते की पोकरमध्ये घरमालक खेळत नाही. इतर जुगारांत तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळता. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि घर प्रत्येक डावातून ठरलेला वाटा किंवा वेळेचे भाडे घेते. डाव रामाला गेला काय आणि गोविंदाला गेला काय, घराला सारखेच. म्हणून त्याच्या शब्दाला वजन. चौकशी अधिकारी मालकाचा पगार खातो आणि मालकच फिर्यादी असतो, तिथे हे वजन कोठून आणायचे?

एका नियमावर मात्र माझे आणि त्या पुस्तकाचे जमले नाही, निदान लवकर जमले नाही. स्पर्धांच्या नियमांतला पहिलाच नियम असा की खेळाचे हित आणि न्याय्यता सर्वांत वर. असाधारण प्रसंगी तांत्रिक नियम बाजूला ठेवून सारासार बुद्धीने निर्णय द्यावा. 'सारासार बुद्धी' हा शब्द व्यवस्थापनाच्या तोंडून आला की माझे कान टवकारतात. आमच्या धंद्यात तो शब्द आला की कोणाची तरी नोकरी गेलेली असते. पण विचार करता, वरच्यासारख्या प्रसंगी केवळ 'ढिगातली पाने मेली' एवढेच धरून बसणारा अधिकारी काय करील? नवख्याला लुबाडील, आणि नियमाने लुबाडील. तेव्हा तो नियम असू द्यावा, पण कॅमेऱ्याच्या खाली असू द्यावा, असे माझे मत झाले आहे.

आता काकांची आठ काड्यांची फिर्याद. तिचा निकाल मला याच पुस्तकांत मिळाला. पूर्वी पुष्कळ खोल्यांत असा नियम होता की शोडाऊनला जी पाने पात्र होती ती कोणीही मागून पाहू शकतो, फेकून दिलेली असली तरी. याचे मूळ संशयात आहे. दोन साथीदार आतून एक होऊन, तिसऱ्याला मध्ये धरून रक्कम वाढवत नेतात. तिसरा घाबरून उठला की त्यांतला एक हळूच पाने फेकतो. ती पाने रद्दी होती हे कोणाला कळतच नाही. ते कळावे म्हणून हा हक्क. पण झाले काय, लोक तो हक्क प्रतिस्पर्ध्याची चाल शिकायला वापरू लागले, किंवा हरलेल्याला खिजवायला. 'दाखव की, काय घेऊन लढत होतास ते!' अशाने नवखा माणूस लाजतो आणि पुन्हा येत नाही. म्हणून सियाफोनने लिहिले की ही सवलत आहे, दुरुपयोग केल्यास काढून घेतली जाईल. शिवाय एक मजेदार काटा ठेवला: इतर कोणी मागितले तर ती फेकलेली पाने मेलेलीच राहतात, पण जिंकणाऱ्यानेच मागितली तर ती जिवंत होतात, आणि भारी निघाली तर डाव त्याच्या हातून जातो. खिजवायचे असेल तर खिशाला धोका पत्करून खिजव!

स्पर्धेच्या नियमांनी पुढे हा हक्क आणखी आवळला. आपली पाने पालथी फेकलीत तर मागण्याचा अधिकार संपला. पण शेवटच्या फेरीत समोरच्याने पैसे लावले, तुम्ही तितकेच भरून त्याला आव्हान दिले आणि तुमची पाने अजून तुमच्याजवळ आहेत, तर त्याची पाने पाहण्याचा तुमचा हक्क अविच्छेद्य आहे. तिथे वापरलेला इंग्रजी शब्द अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातला आहे. जुगाराच्या पुस्तकात तो बघून मी शब्दकोश दोनदा उघडला. कारणही तिथेच दिले आहे: ती पाने पाहण्यासाठी त्याने पैसे मोजले आहेत. आमचे काका, शब्दशः! बाकी सर्व प्रसंगी मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीवर. म्हणजे काका बरोबर होते. ते आता हयात नाहीत, आणि ज्याच्याशी त्यांनी अबोला धरला तोही नाही, त्यामुळे हा निकाल मी कोणाला कळवू शकलो नाही.

रीतीबद्दल एक सांगून या भागातून पुढे जातो. आपण जिंकलो आहोत हे पक्के ठाऊक असताना पाने हळूहळू, एक एक करून, समोरच्याला आधी आशा लावून मग उघडणे, याला नियमात बहुधा शिक्षा नाही. तरी पोकरच्या खोलीत याहून नीच काही मानत नाहीत. चोराशी लोक पुन्हा एकदा बोलतील, पण असे करणाऱ्याशी बोलत नाहीत. जिंकण्याचा अधिकार तुला आहे, दुसऱ्याचे हृदय धडधडवत ठेवण्याचा नाही, असे काहीतरी त्यामागे असावे.

असो. मेमो राहिला.

मी त्या मुलीबरोबर अधिकाऱ्यांना भेटायला गेलो. युनियन म्हणून नाही. तिचा काका म्हणूनच गेलो म्हणा. खोली गार होती, चहा चांगला होता. मी नियमपुस्तक नेले होते आणि खुणा करून नेल्या होत्या. म्हटले, साहेब, तुमचाच नियम सांगतो की उताणी पाने वाचण्याची जबाबदारी सर्व टेबलाची आहे. टेबलावरच्या एका माणसाने ती पार पाडली. चूक झाली, पैसे हलण्याआधी पकडली गेली, ज्याचे त्याला मिळाले. नियम जसा चालावा तसा चालला. खेळाडूने स्वतःची पाने चुकीची वाचली, त्याला शिक्षा नाही. समोरच्याला ओळ दिसली असणार, तो गप्प बसला, त्याला शिक्षा नाही. मग शिक्षा हिलाच का?

ते अधिकारी वाईट गृहस्थ नव्हते. स्वतः डीलर म्हणूनच वर आलेले होते. त्यांनी पुस्तक हातात घेतले, खुणा पाहिल्या आणि म्हणाले, "हे खेळाडूंसाठी आहे. मेमो स्टाफसाठी असतो."

मी विचारले, "त्या पाळीत ही किती वेळ उभी होती ते स्टाफच्या कुठल्या पुस्तकात आहे? ते उघडू या." ते पुस्तक त्यांनी उघडले नाही. पण दुसऱ्या महिन्यात तीन दिवसांचा पगार परत आला. मेमो फायलीत राहिला. आणि डीलरांच्या खोलीत एक सूचना लागली की शोडाऊनला दोन्ही बाजूंची पाने मोठ्याने वाचल्याखेरीज ढिगात ओढू नयेत.

गेल्या दिवाळीत ती मुलगी भेटली. मी विचारले, सूचनेप्रमाणे चालते का? ती म्हणाली, "काका, मी वाचते. दोन सेकंद थांबतेसुद्धा. मग गिऱ्हाईक ओरडते, लवकर कर, आम्ही तासाचे पैसे देतो."